लाँड्रीच्या मागची हद्द

थोरलीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

खिडकीवरच्या कारकुनाने फाइल काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवली आणि एका जागी बोट ठेवलं. "ताई, रकाना सात."

"भरलाय की."

"भरलाय, पण 'मी मोजलं' असं भरलंय. मोजलेलं चालत नाही."

"मोजणीच्या परवान्याला मोजलेलं चालत नाही?"

"आता नाही चालत." कारकून मनाचा वाईट नव्हता. त्याने नव्या कायद्याची पुस्तिका उघडून तिच्याकडे फिरवली. कलम दोन, व्याख्या. इतक्या जणांना त्याने ते बोट ठेवून दाखवलं होतं की त्या ओळींखालचा कागद काळवंडला होता. 'जमिनीवर हद्द कोठे आहे याबाबत उपलब्ध पुराव्यावरून निर्णय करणे व त्या निर्णयाची जबाबदारी घेणे म्हणजे भूमापन. केवळ अंतर घेणे, उपकरण चालवणे, दांडा धरणे किंवा नकाशा रेखाटणे म्हणजे भूमापन नव्हे.'

"मग एकवीस वर्षं मी काय करत होते?"

"ते मला तोंडी सांगू नका, रकाना सातमध्ये लिहा. एक हद्द दाखवा जिचा निर्णय तुमचा होता. वडिलांचा नाही, तुमचा. पुराव्यासकट. एकच पुरे." त्याने तिच्या खांद्यावरून रांगेकडे पाहिलं. "पुढचे."

ती बाहेर आली. कचेरीच्या पायऱ्या अठरा होत्या. मोजायच्या नव्हत्या, पण मोजल्या गेल्या. खाली उतरल्यावर तिला आठवेना की फाइल पिशवीत टाकली की खिडकीवर राहिली. ती पुन्हा अठरा पायऱ्या चढली आणि मधल्या वळणावर फाइल काखेतच सापडली.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. दोन टेबलं, एक कपाट, कोपऱ्यात तिपाई आणि लाल-पांढरे दांडे. परवाना वडिलांच्या नावावर होता, सत्तेचाळीस वर्षांचा. थोरली पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांचा जुना मदतनीस काम सोडून गेला आणि ती दोन महिन्यांसाठी म्हणून त्यांच्याबरोबर जायला लागली. ते दोन महिने संपलेच नाहीत. पुढे वडिलांचे गुडघे गेले, मग नजर. गेली चौदा वर्षं ती एकटीच जागेवर जात होती, हद्द ठरवत होती, नकाशा काढत होती, आणि प्रत्येक नकाशाखाली एक छापील ओळ होती : 'सदर हद्द मी स्वतः जागेवर हजर राहून ठरवली आहे.' त्याखाली वडिलांची सही. गिऱ्हाइकांना हे माहीत होतं, कचेरीला माहीत होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलं नाही.

नव्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. वडिलांचा परवाना महिनाअखेर संपत होता आणि नूतनीकरणासाठी डोळ्यांची तपासणी आली. ती ते पास होणार नव्हते. आणि बिनपरवाना काम केलेल्यांना एक दार उघडलं : दहा वर्षांचा अनुभव सिद्ध करा, नव्वद दिवसांत अर्ज करा, जुनं बिनपरवाना काम माफ. हे दार बंद झालं की पुन्हा पदविका, पुन्हा पहिल्या वर्षापासून, आणि वर दोन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी. थोरली त्रेचाळीस वर्षांची होती.

"काय म्हणाला तो?" तिची चप्पल वाजल्याबरोबर वडिलांनी विचारलं.

"मोजणं म्हणजे भूमापन नव्हे म्हणाला."

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे, बाबा?"

"टेप काय, कोणीही धरतो. मी तुला पहिल्या दिवसापासून हेच सांगत आलो. आकडा आणि जुना नकाशा जुळला नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा, हे खरं काम."

"मग ते काम मी केलं हे लिहून द्या."

वडिलांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. चष्मा पुसून त्यांना जास्त दिसत नसे. "लिहून दिलं तर माझ्या दोनशे बारा सह्या खोट्या ठरतात," ते म्हणाले. "माफी अर्जदाराला आहे. सही करणाऱ्याला नाही. कलम एकवीस वाच."

तिने वाचलं होतं. म्हणूनच ती आधीच्या तिन्ही वेळा 'मी मोजलं' एवढंच लिहून थांबली होती.

संध्याकाळी धाकटी आली. तिचं औषधांचं दुकान होतं आणि ती नेहमी घाईत असे. थोरली खोलीत येरझाऱ्या घालत होती : खिडकीपासून कपाटापर्यंत सहा पावलं, परत सहा.

"बस ना गं एका जागी, गरगरतंय मला," धाकटी म्हणाली. "आमचा परवाना कसा भिंतीवर टांगलेला असतो. तुमचा खुर्चीत बसून चहा मागतो."

"मी ऐकतोय," वडील आतून म्हणाले.

"ऐकायलाच बोलतेय, बाबा." मग ती थोरलीकडे वळली. "अगं, सोपं आहे. बाबा कधीच जागेवर नव्हते असं सांगायची गरज नाही. एखाद्या वेळी नव्हते एवढं सांग. पित्ताशयाचं ऑपरेशन आठव. अकरा दिवस हॉस्पिटलात होते. डिस्चार्जचा कागद माझ्याकडे आहे. त्या अकरा दिवसांत तू घरी बसली नव्हतीस ना?"

थोरलीची पावलं कपाटाजवळ थांबली. आठ वर्षांपूर्वीचे अकरा दिवस. एकच सही अडचणीत येईल. तीही कशी, तर आजारी माणसाची.

"वकील व्हायचं सोडून गोळ्या विकतेस," ती म्हणाली.

"गोळ्यांना जास्त गिऱ्हाईक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या वर्षाची फील्डबुकं काढली. फील्डबुक म्हणजे जागेवर पेन्सिलीने लिहायची जाड पुठ्ठ्याची वही. त्यात खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं, हा वडिलांचा नियम. अकरा दिवसांत तीन कामं झाली होती. दोन नुसत्या वाटण्या होत्या, एका प्लॉटचे सारखे दोन भाग. त्यात ठरवायचं काहीच नव्हतं. तिसरं काम लाँड्रीच्या मागच्या हद्दीचं. लाँड्री आणि सुताराचा कारखाना पाठीला पाठ लावून होते. मध्ये हद्दीचा जुना दगड होता, पण लाँड्रीने नुकतंच तिथे गटार खणलं होतं. जुन्या नकाशाप्रमाणे लाँड्रीकडच्या रस्त्याच्या कोपऱ्यापासून हद्द २३.४० मीटरवर हवी होती. दगड भरला २४.३७ वर. खणताना दगड हलला असं तिने ठरवलं, तो बाद केला, नकाशातलं अंतर धरून नवी खूण ठोकली आणि कारणं सविस्तर लिहिली. पुढच्या महिन्यात त्या खुणेवर भिंत उभी राहिली.

हवा तो पुरावा हाच होता. दोन गोष्टींमधून एक निवडली, कारण लिहिलं, पान भरून. अक्षर तिचं, तारीख वडिलांच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाची. तिने कोरा फॉर्म ओढला आणि रकाना सात भरायला घेतला. आकडे उतरवताना तिचं पेन थांबलं.

त्यांच्या घरच्या टेपची कडी सैल होती आणि सुरुवातीचे आकडे झिजले होते. नवी टेप आणली तरी वडील शून्यावर विश्वास ठेवत नसत. टेपचं टोक सगळ्यात जास्त मार खातं, म्हणून एक मीटर सोडायचा, एकचा आकडा खुणेवर धरायचा आणि आलेल्या मापातून एक वजा करायचा. टोक धरणाऱ्याने ओरडायचं, "एक सोडला!" लिहिणाऱ्याने उलट ओरडायचं, "एक वजा!" आणि वजा करून लिहिलेल्या आकड्याशेजारी छोटा 'व' काढायचा. गल्लीबोळातली माणसं हसायची, पण आकडा चुकत नसे.

त्या पानावर सहा मापं होती. पहिल्या पाचांशेजारी 'व' होता. सहाव्याशेजारी नव्हता.

तिने पान खिडकीशी नेलं. तिरकं करून पाहिलं. पेन्सिल पुसट झाली असेल म्हणून बोट फिरवलं. नव्हताच. मग तिला तो दिवस आठवला. टोक धरायला लाँड्रीतला इस्त्रीवाला आला होता. त्याला ओरडण्याची गंमत वाटत होती. पाच वेळा ओरडला आणि मग त्याला काउंटरवरून हाक आली. सहाव्या मापाला तिने टेपचा एकचा आकडा स्वतःच रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या एका खिळ्यावर अडकवला होता. ओरडायला कोणी नव्हतं.

२४.३७ वजा एक, २३.३७. जुन्या नकाशापासून तीन सेंटिमीटर. दगड हललेला नव्हता. आणि नवी खूणही तिने त्याच खिळ्यावरून, त्याच टेपवर २३.४० वाचून ठोकली होती. म्हणजे खरी २२.४० वर.

आठ वर्षं लाँड्रीची जागा एक मीटरने कमी होती.

तिने अर्ज तसाच सोडला, टेप घेतली आणि बाहेर पडली. बसमध्ये बसायला जागा होती, तरी ती उभी राहिली. लाँड्रीच्या दारात पोचल्यावर आत जायचं तिला सुचेना. ती बाजूच्या बोळातून मागे गेली. लाँड्रीवाली, साठीची बाई, ओल्या चादरींची ट्रॉली मागच्या दारातून बाहेर काढत होती. ट्रॉली सरळ निघत नव्हती. तिने सवयीने पुढचं चाक उचललं, ट्रॉली तिरकी केली, ती भिंतीला घासली आणि बाहेर आली. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर एक लांब खोलगट चरा होता.

"कोण पाहिजे?" लाँड्रीवालीने विचारलं. मग ओळखलं. "अगं बाई, मोजणीवाली ना तू? आता काय मोजतेस?"

"जुनं एक काम तपासतेय."

"तपास. आमची भिंत पडायला लागली नाही ना?"

"नाही."

सुताराने आत सोडलं. भिंतीपासून आतल्या बाजूला, फळ्यांच्या थप्पीखाली, दगड अजून होता. बाद केलेला दगड उपटायचा नाही हाही वडिलांचा नियम, म्हणून तो राहिला होता. सुताराने त्यावर डबा ठेवून पाणी प्यायची सोय केली होती. तिने या खेपेला दोन्ही रस्त्यांकडून मोजलं, शून्यावरून आणि एकवरून. चारही वेळा दगड आपल्या जागेवर होता. भिंतच चुकीच्या जागी होती.

वडिलांना तिने जेवणं झाल्यावर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "भिंत कोणाच्या पैशांनी बांधली?"

"दोघांच्या."

"हं." त्यांनी टेबलावर हात टेकले. "दुरुस्तीचा नवा नकाशा काढ. मी सही करतो. माझा परवाना आठ दिवस चालू आहे. माझ्या नावावर चूक, माझ्या नावावर दुरुस्ती. दोघांना पत्रं टाकू. संपलं."

"आणि रकाना सात?"

वडिलांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

"बाबा, तुमची चूक झाली तर निर्णय तुमचा होतो. मग माझ्याकडे दाखवायला काय राहतं?"

"दुसरं काहीतरी शोध."

"अकरा दिवसांत दुसरं काही नाही. आणि ही चूक तुमची नाहीच. माझी आहे."

"ज्या कागदावर माझी सही, त्यातली चूक माझी," वडील म्हणाले. आवाज वाढला नव्हता. "सत्तेचाळीस वर्षांत मी कोणा मदतनीसावर चूक ढकलली नाही. आता पोरीवर ढकलू?"

"मी मदतनीस नाही!"

ती एवढ्या मोठ्याने बोलली की शेजारच्या घरातलं रेडिओचं बोलणं बंद झालं.

धाकटीला फोनवरून दोन्ही बाजू ऐकाव्या लागल्या, आधी एकीची, मग दुसऱ्याची. "जगात भांडणं चूक दुसऱ्याची म्हणून होतात," ती थोरलीला म्हणाली. "तुम्ही दोघं चूक आपल्याकडे ओढताय. दुकानात कोणाला सांगितलं तर डोस बदलून देतील. मी एक विचारू? नुसतं पान जोड आणि गप्प बस. तो 'व' कोण बघणार आहे?"

"मी बघितला."

"तू सोडून."

थोरलीने फोन कानाला लावूनच सहा पावलं टाकली, वळली, सहा पावलं टाकली. ट्रॉलीचं उचललेलं चाक तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. "पान जोडलं की त्यातला निर्णय माझा झाला," ती म्हणाली. "निर्णय माझा झाला की ती भिंतही माझी झाली. भिंत ठेवून निर्णय कसा घेऊ?"

"मग परवाना मिळाला तर आणि नाही मिळाला तर, दोन्हीकडून तूच मरणार."

"हो."

"छान. झोप आता."

चोवीस तारखेला तिने अर्ज दिला. रकाना सातमध्ये लाँड्रीच्या मागच्या हद्दीचं काम लिहिलं, फील्डबुक मूळ जोडलं, डिस्चार्जचा कागद जोडला, आणि एक वेगळं पान जोडलं : या निर्णयात माझी एक मीटरची चूक झालेली आहे, ती अशी झाली. कारकुनाने ते पान दोनदा वाचलं.

"ताई, हे जोडायला कोणी सांगितलंय?"

"कोणी नाही."

"काढून देऊ?"

"राहू द्या."

"पाच वर्षं या खिडकीवर आहे," कारकून शिक्का मारत म्हणाला, "जोडपत्रं कमी पडलेली पाहिली, ही पहिलीच जास्तीची." अठ्ठावीस तारखेला सुनावणी लागली, आणि सही करणारे म्हणून वडिलांनाही बोलावणं आलं.

सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर वडील इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते. थोरली बसत नव्हती.

"मी काय सांगणार ते ऐकून ठेव," ते म्हणाले. "तू हॉस्पिटलात फोन केलास. आकडा सांगितलास. दगड बाद कर असं मी सांगितलं."

"असा फोन झालाच नाही."

"आठ वर्षांपूर्वीच्या फोनला साक्षीदार नसतो."

"बाबा, असं सांगितलंत तर आज माझा अर्ज जातो. कायमचा."

"आणि नाही सांगितलं तर परवाना हातात येईल तोच तक्रारीसकट येईल. तो सुतार सोडेल तुला? पहिल्याच दिवशी डाग." त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "माझं काय, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला.

समितीत तिघं होते. मध्ये अध्यक्षबाई, एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त भूमापक, ज्याने फील्डबुक आल्याबरोबर जवळ ओढलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. थोरलीला जे विचारलं ते तिने सांगितलं. मग अध्यक्षबाईंनी वडिलांना खुर्ची पुढे घ्यायला सांगितली.

"या नकाशावर सही तुमची?"

"माझी."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"हॉस्पिटलात."

"मग निर्णय कोणाचा?"

"माझा," वडील म्हणाले. "मुलीने फोन केला होता. मी फोनवर निर्णय दिला."

थोरलीने पायाच्या अंगठ्याने चपलेचा पट्टा घट्ट धरला. वकिलाने काहीतरी लिहिलं. निवृत्त भूमापकाने पहिल्यांदा वहीतून मान वर काढली.

"फोनवर तुम्हाला काय सांगितलं?"

"दगड २४.३७ वर आहे, नकाशा २३.४० म्हणतो. शेजारी खणलंय."

"आणि तुम्ही दगड बाद करायला सांगितलंत."

"हो."

"नुसत्या एका मापावर?" निवृत्त भूमापकाचा आवाज साधा होता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "पलीकडच्या रस्त्याकडून मोजून घे म्हणाला नाहीत?"

वडील खुर्चीत पुढे सरकले. "म्हणालो नाही, असं कसं होईल," ते म्हणाले.

"इथे पलीकडचं माप नाही. म्हणजे तुम्ही म्हणाला नाहीत."

"अहो, मी पहिला प्रश्न तोच विचारतो! जवळजवळ पुरत्या मीटरचा फरक आला की पहिला संशय टेपवर. दगडावर शेवटी. सत्तेचाळीस वर्षं काय गवत उपटलं मी?" ते खुर्चीतच थोरलीकडे वळले. खोली, समिती, लिहिणारा वकील, सगळं त्यांच्या लेखी नाहीसं झालं होतं. "पलीकडून का नाही मोजलंस?"

"सुताराच्या बाजूला लाकडं रचलेली होती."

"लाकडं हलवता येतात!"

"मी एकटी होते, बाबा."

"त्याला सांगायचं! तो सुतार आहे, लाकडं हलवणं त्याचा धंदा! दगड बाद करायला निघालीस आणि लाकडं हलवली नाहीस? मला फोन आला असता तर मी पलंगावरून उठून आलो असतो, पण तो दगड बाद होऊ दिला नसता!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. त्यांनी तोंड मिटलं आणि हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे फोन आला नव्हता," अध्यक्षबाई म्हणाल्या.

वडिलांनी मान हलवली. "नाही," ते म्हणाले. "आला असता तर बरं झालं असतं."

निकाल त्याच दुपारी मिळाला, दीड पानाचा. हद्दीबाबत पुरावे तोलून निर्णय अर्जदाराने केला होता, कारणे लेखी दिली होती आणि चुकीची जबाबदारी स्वतःहून घेतली होती, सबब व्याख्येतील दोन्ही भाग पूर्ण होतात. परवाना मंजूर. अट : सदर हद्दीची दुरुस्ती तीस दिवसांत, स्वखर्चाने. बाकीच्या नकाशांबाबत तक्रार आल्यास स्वतंत्र विचार. आणि शेवटचा परिच्छेद वडिलांबाबत : जागेवर हजर नसताना हजर असल्याचे प्रमाणित केले, म्हणून त्यांचा परवाना उर्वरित मुदतीकरिता निलंबित. उर्वरित मुदत दोन दिवस होती.

परतीच्या टॅक्सीत वडील खिडकीकडे तोंड करून बसले. तीन सिग्नल गेले.

"'निवृत्त' लिहून यायचं होतं मला," ते म्हणाले. "'निलंबित' लिहिलं."

"मी अपील करू शकते."

"काही नको. खोटं काय लिहिलंय त्यात." आणखी एक सिग्नल गेला. "लाकडं किती होती?"

"होती बरीच."

"बरीच म्हणजे किती?"

"सात-आठ फळ्या."

"सात-आठ फळ्या," वडील काचेला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती लाँड्रीत गेली. लाँड्रीवालीने हातातली चादर खाली न ठेवता सगळं ऐकलं. मग ती मागच्या दाराशी जाऊन भिंतीवरच्या चऱ्याकडे बघत उभी राहिली.

"मला वाटायचं ट्रॉलीच मोठी घेतली," ती म्हणाली. "दोनदा बदलली."

थोरलीने मान खाली घातली नाही, घालावीशी वाटत असूनही.

"जा आता त्याच्याकडे," लाँड्रीवाली म्हणाली. "तो तर थयथय नाचेलच."

सुताराने रंधा थांबवून ऐकलं. आधी त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. मग त्याने भिंतीपासून दगडापर्यंत पावलांनी अंतर मोजलं, पाणी प्यायचा डबा उचलला, परत ठेवला.

"तुम्ही म्हणालात इथे बांधा, मी इथे बांधली. आता तुम्हीच म्हणताय पाडा. त्या भिंतीला माझं कापायचं मशीन बसवलंय. पाया आहे त्याला."

"भिंतीचा खर्च माझा. मशीनचा पाया हलवायचा खर्चही माझा. काम आठवडाभर थांबेल, त्याची भरपाई मला नाही करता येणार."

"गोड बोलून नेताय सगळं." त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी तक्रार करणार. सोडणार नाही. कोणाविरुद्ध करायची? तुमच्या वडिलांची सही आहे ना त्याच्यावर?"

"त्यांच्याविरुद्ध नाही. माझ्याविरुद्ध."

"तुमच्याविरुद्ध करून काय होणार?"

"माझा परवाना जाऊ शकतो. छाननी समिती, जुन्या कचेरीचा पहिला मजला. अर्ज साध्या कागदावर चालतो. परवाना क्रमांक घालावा लागतो, नाहीतर परत पाठवतात."

सुताराने कानामागची चपटी पेन्सिल काढली आणि समोरच्या फळीवर टेकवली. "सांगा."

क्रमांक तिला अजून पाठ नव्हता. तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. सुताराने सावकाश लिहून घेतला, मग फळी तिच्याकडे वळवली.

"बरोबर आहे का बघा."

तिने पाहिलं. शेवटून दुसरा आकडा चुकला होता. तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली, चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारली आणि शेजारी बरोबर लिहिला.